नदीला ब्रेक कोण लावतं?

हातखंबा तिठ्यावर एसटीची वाट बघत उभं राहिलं की पावसाळ्यात दोन प्रश्न हमखास कानावर पडतात. 'रत्नागिरीला जाणारी गेली काय?' आणि 'चांदेराईत पाणी भरलंय काय?' पहिल्या प्रश्नाचं उत्तर कुणाकडेच नक्की नसतं. दुसऱ्याचं मात्र समोरून येणारा कुठलाही रिक्षावाला न विचारता देऊन टाकतो.

तिठ्याला आपण ओळखतो ते रस्त्यांमुळे. मुंबई, गोवा, कोल्हापूर, रत्नागिरी, कुठेही जायचं तर गाडी इथून वळणार. पण नद्यांच्या हिशेबातही ही जागा मजेशीर आहे. मुंबईच्या दिशेने निघालात तर निवळीचा घाट उतरून बावनदीचा पूल लागतो. गोव्याच्या दिशेने पाली सोडलीत की आंजणारीचा पूल, आणि खाली काजळी. बावनदी मार्लेश्वराच्या बाजूने येते आणि पुढे शास्त्री नदीला मिळून जयगडच्या खाडीत जाते. काजळी साखरप्याकडून येते, आंजणारीच्या पुलाखालून, चांदेराईच्या बाजारपेठेला खेटून, सोमेश्वरच्या अंगाने भाट्याच्या खाडीत उतरते. म्हणजे हातखंब्याचा माणूस दोन नद्यांच्या मधे राहतो आणि दोन्ही नद्या त्याला बहुतेक वेळा फक्त एसटीच्या खिडकीतून दिसतात.

तर जुलैमध्ये आंजणारीच्या पुलावरून जाताना खिडकीतून खाली बघा. तांबडं, घुसळलेलं, गुरगुरणारं पाणी. त्याच दिवशी भाट्याच्या पुलावर जा. तेच पाणी, पण पसरट, सुस्त, जणू कुठे जायचंच नाहीये. मधल्या प्रवासात ह्या नदीला ब्रेक लावला कुणी?

'उतार संपला म्हणून' असं उत्तर पाचवीपासून आपल्याला पाठ आहे. ते चूक नाही. पण ते इतकं अर्धवट आहे की त्या अर्धवटपणापायी दरवर्षी माणसं जातात. पावसाळ्यात वर्तमानपत्रात येणारं ते एक ठरलेलं वाक्य आठवा: 'पाण्याचा अंदाज न आल्याने'. पुढे बुडालेल्या मुलांची वयं असतात, आणि ती बहुतेक वेळा आपल्याच वर्गातल्या मुलांसारखी असतात. हा 'अंदाज' नेमका कशाचा असतो आणि तो का येत नाही, हे कुठल्याच बातमीत नसतं.

म्हणून प्रश्न जरा उलटा करूया. नदी सावकाश का होते, हे विचारण्याआधी ती इतकी सावकाश वाहते तरी कशी, हे विचारूया. आंबा घाटाचा माथा समुद्रापासून साधारण ६०० मीटर उंच. तिथून एखादा थेंब कुठेही न अडता, न घासता समुद्रसपाटीला आला असता तर अकरावीच्या सूत्राने त्याचा वेग किती झाला असता? दोन गुणिले ९.८ गुणिले ६००, आणि त्याचं वर्गमूळ. सेकंदाला १०८ मीटर. म्हणजे ताशी जवळपास ३९० किलोमीटर! भाट्याच्या पुलाचं काय झालं असतं, विचार करा. प्रत्यक्षात अशा नदीचं पाणी पुरातसुद्धा सेकंदाला दोन-चार मीटरने जातं. माणूस पळतो, फार तर सायकल जाते, तेवढं.

मग बाकीचा वेग गेला कुठे? वाटेत संपला. दगडावर आपटण्यात, तळाशी घासण्यात, काठाला खरवडण्यात, भोवऱ्यांमध्ये स्वतःलाच ढवळण्यात. ती सगळी शक्ती शेवटी उष्णता होते. ६०० मीटर उतरलेलं पाणी तेवढ्याने जेमतेम दीड अंश गरम होईल, त्यामुळे हाताला काही कळत नाही. पण मुद्दा हा की नदी भाट्याला येऊन ब्रेक लावत नाही. ती साखरप्यापासूनच ब्रेकवर पाय ठेवून येते. घाट उतरणाऱ्या एसटीसारखी. उतार ओढतो, घर्षण रोखतं, आणि दोघांच्या रस्सीखेचीत जो काही वेग उरतो त्याला आपण 'प्रवाह' म्हणतो.

सिव्हिलवाल्यांना ह्या रस्सीखेचीचं सूत्र तोंडपाठ असेल. रॉबर्ट मॅनिंग नावाच्या आयरिश इंजिनिअरने ते १८८९ साली मांडलं आणि आजही जगभर नद्या, कालवे आणि गटारं त्याच्यावरच आखली जातात. बाकीच्यांनी सूत्र सोडा, त्यातली तीन माणसं लक्षात ठेवा: उतार, खडबडीतपणा आणि खोली. उतार चौथा हिस्सा झाला तर वेग निम्मा होतो. तळ आणि काठ दुप्पट खडबडीत झाले, तरी वेग निम्मा. हे दोन ब्रेक झाले. तिसरं माणूस, म्हणजे खोली, मात्र उलट्या बाजूला उभं आहे. रुंद नदीत पाण्याची खोली आठपट झाली तर वेग चौपट होतो.

असं का? कारण घासणारा भाग तळाशी असतो. वीतभर पाणी असेल तर जवळजवळ सगळंच पाणी तळाच्या तावडीत सापडतं. पाच मीटर पाणी असेल तर वरच्या थरांना तळाची दखलच नसते. ते खालच्या थरावरून घसरत जातात. उन्हाळ्यात गुडघाभर पाण्यात ज्या दगडांवरून पाणी कुरकुरत, अडखळत जातं, तेच दगड जुलैत पाच मीटर खाली गेलेले असतात. ब्रेक तिथेच आहेत, पण चाकापर्यंत पोचत नाहीत.

ह्यातून एक गंमत निघते जी बऱ्याच भूगोलवाल्यांनाही पटकन पटत नाही. १९५३ साली लुना लिओपोल्ड ह्या अमेरिकन भूशास्त्रज्ञाने तिथल्या अनेक नद्यांच्या मोजमापांचे आकडे मांडले. सगळ्यांचा समज होता की डोंगरात नदी वेगवान आणि सपाटीला मंद. आकडे म्हणाले, नाही. सरासरी वेग खाली जाताना बऱ्याचदा थोडा वाढतोच. उतार कमी होतो हे खरं, पण नदी खोल होते, तळ गुळगुळीत होतो, आणि उतारामुळे झालेला तोटा भरून निघतो. डोंगरातला पऱ्या वेगवान 'दिसतो', कारण तो फेसाळतो, आवाज करतो. प्रत्यक्षात तो दगडागणिक उडी मारतो आणि दगडामागे थांबतो. खालची नदी आवाज न करता सरळ जाते. आपला डोळा आणि कान फेसाला वेग समजतात. 'अंदाज न आल्याने'ची पहिली पायरी ही.

आता कोंडी आणि डोह. कोकणातल्या प्रत्येक गावात एक कोंड असतोच, आणि त्याला एक गोष्ट चिकटलेली असते. कुणी म्हणतं तळच नाही, कुणी म्हणतं जलदेवतेचा वास आहे. ह्या गोष्टींना हसू नका, कारण त्यांच्यात निरीक्षण भरपूर आहे. उन्हाळ्यात डोह शांत का असतो, त्याचं उत्तर सोपं आहे. नदीतून दर सेकंदाला जितकं पाणी येतं तितकंच पुढे गेलं पाहिजे. जागा अरुंद आणि उथळ असेल तर त्याला पळावं लागतं, जागा रुंद आणि खोल असेल तर ते रेंगाळू शकतं. नळाच्या पाइपवर अंगठा ठेवून आपण बागेला पाणी घालतो तोच प्रकार, फक्त अंगठा काढल्यावरचा.

पण पूर आला की हिशेब फिरतो. पाणी चढलं की उथळ, दगडी जागेच्या वरून ते आडवं पसरतं, काठावरच्या झाडांत शिरतं, आणि तिथे त्याचा वेग अडतो. डोहाच्या बाजूचे काठ मात्र बहुतेक उभे असतात. पाण्याला पसरायला जागाच नसते, त्यामुळे ते खोलच होत जातं आणि खोलीबरोबर वेगही वाढतो. एका मर्यादेनंतर डोहाच्या तळाशी जो वेग असतो तो उथळ जागेपेक्षा जास्त होतो. बऱ्याच नद्यांवर हे मोजलं गेलंय. म्हणूनच तर डोह डोह राहतो. उन्हाळ्यात त्यात जे काही साचतं ते पुराचं पाणी दरवर्षी खरवडून नेतं. मे महिन्यात ज्या कोंडीत तुम्ही उड्या मारल्यात ती जुलैत तीच जागा नसते. दगड तोच, झाड तेच, फक्त पाण्याचा स्वभाव दुसऱ्याचा.

वळणांचंही तसंच. नदी वळते तिथे बाहेरच्या बाजूला पाणी वेगात आणि खोल, आतल्या बाजूला मंद आणि उथळ. आतल्या बाजूला वाळू-गोटे साचून छान पुळणीसारखी जागा तयार होते. पिकनिकचा ग्रुप उतरतो तो नेमका तिथे. घोटाभर पाणी, मग गुडघाभर, फोटो मस्त येतात. आणि चार-सहा पावलांवर तळ एकदम खाली जातो, कारण समोरच्या काठाखाली नदीने डोह खोदलेला असतो. मंद पाण्यातून वेगवान पाण्यात जाण्याची सीमा वरून दिसत नाही. पाण्यावर पट्टा आखलेला नसतो.

एक हिशेब वहीत करून बघा. मांडीपर्यंत पाणी, म्हणजे साधारण ६० सेंटिमीटर. दोन पायांची मिळून रुंदी ३० सेंटिमीटर धरू. पाण्याचा वेग सेकंदाला दोन मीटर. पायांवर येणारा रेटा जवळपास ४० किलो वजनाइतका भरतो. वेग चार मीटर झाला तर रेटा दुप्पट होत नाही, चौपट होतो: १६० किलो. शेवाळलेल्या गोट्यावर उभं राहून हे झेलायचंय. इथे पोहता येण्या न येण्याचा प्रश्न फार नंतर येतो.

आणि बंधारे. गावच्या नदीवरचा बुटका बंधारा, वरून पाण्याचा पांढरा पडदा पडतोय, खाली फेस. ह्याच्याइतकी रीलसाठी तयार जागा नाही, आणि ह्याच्याइतकी वाईटही नाही. बंधाऱ्यावरून उडी घेतलेलं पाणी वेगात असतं, खालचं पाणी मंद. दोघांची गाठ पडते तिथे वेग एकदम मोडतो. इंजिनिअर ह्याला हायड्रॉलिक जंप म्हणतात. मोडलेला वेग तिथल्या तिथे लोळणाऱ्या लाटेत जिरतो. ही लाट वरच्या बाजूला बंधाऱ्याकडेच परत येते. त्यात सापडलेला ओंडका तासन् तास गरगरताना तुम्ही पाहिला असेल. फेसात निम्मी हवा, त्यामुळे तरंगायलाही नीट आधार नाही. म्हणजे नदीने ब्रेक लावला, तोही कचकचून, आणि नेमकी ती ब्रेकची जागा सगळ्यात धोक्याची. 'सावकाश पाणी म्हणजे सुरक्षित पाणी' हे समीकरण इथे साफ कोसळतं.

ह्या सगळ्या नकाशाची बित्तंबातमी कुणाला असेल तर माशांना. मृगाचा पाऊस पडला की चढणीचे मासे उलटे वर निघतात. सेकंदाला दोन मीटरच्या धारेत ते सरळ पोहत जाऊच शकत नाहीत. ते काठाकाठाने जातात, दगडामागच्या सावलीत थांबतात, मग पुढच्या दगडापर्यंत एक झेप. जिथे पाणी मंद तिथे विश्रांती. आणि म्हाताऱ्या माणसांना हे माहीत असतं, म्हणून ती जाळं घेऊन भर धारेत न जाता काठाच्या एखाद्या खाचेपाशी गप्प उभी असतात. मॅनिंगचं नावही न ऐकता.

आता नदीच्या ओझ्याकडे येऊ, कारण चांदेराईचा आणि चिपळूणचा प्रश्न तिथे आहे. वाहतं पाणी रिकाम्या हाताने कधीच जात नाही. माती, वाळू, गोटे, सगळं घेऊन जातं, आणि किती उचलायचं हे वेगावर ठरतं. हे गणित भयंकर तिरकं आहे. वेग दुप्पट झाला तर पाणी ६४ पट वजनाचा दगड ढकलू शकतं. साध्या पावसात जो पऱ्या मुठीएवढा गोटा हलवतो, तोच जोराच्या पावसात जात्याएवढा दगड गडगडवत नेतो. पण उलटंही तितकंच खरं. वेग निम्मा झाला की नदी जवळजवळ सगळं जड सामान जागीच टाकून देते. आधी दगड, मग गोटे, मग वाळू. माती सगळ्यात शेवटी.

आणि एकदा टाकलेलं सामान नदी सहज परत उचलत नाही. स्वीडनच्या फिलिप युलस्ट्रॉमने १९३५ साली ह्याचा आलेख काढला, तो भूगोलाच्या पुस्तकांत अजून असतो. अगदी बारीक चिखल वाहून न्यायला फारसा वेग लागत नाही. पण तोच चिखल एकदा खाली बसला, घट्ट झाला, की त्याला उखडायला वाळूपेक्षाही जास्त वेग लागतो. म्हणून 'पुढच्या पुरात जाईल वाहून' ही आशा बऱ्याचदा खोटी ठरते.

मग चक्र सुरू होतं. जिथे वेग मंदावला तिथे गाळ बसला. गाळ बसला म्हणून पात्र उथळ झालं. उथळ झालं म्हणून तळाचं घर्षण वाढलं, वेग अजून घटला. गाळाची बेटं वर आली, त्यांच्यावर झुडपं उगवली, झुडपांनी पाणी आणखी अडवलं. तेवढंच पाणी न्यायचं, पण आता कमी वेगाने आणि उथळ पात्रातून. मग उरलेलं पाणी जाणार कुठे? बाजारपेठेत.

आणि कोकणातल्या जुन्या बाजारपेठा नदीच्या ह्याच मंदावणाऱ्या जागी का आहेत, ह्यालाही कारण आहे. होड्या, मचवे समुद्रातून भरतीबरोबर वर येत ते जिथवर पाणी त्यांना साथ देई तिथवरच. तिथे धक्का, तिथे माल उतरवणं, तिथे बैलं, तिथे बाजार. चिपळूणला गोवळकोटचा धक्का, तसाच राजापूरचा. म्हणजे आपल्या पेठा वसल्या त्याच उतार संपतो आणि खाडी सुरू होते त्या सांध्यावर. व्यापाराला ही सगळ्यात सोयीची जागा, आणि पुराला सुद्धा.

राजापूरची गोष्ट ह्यात सगळ्यात बोलकी आहे. सतराव्या शतकात इंग्रजांची वखार असलेलं हे बंदर. १८८० साली छापलेल्या रत्नागिरीच्या गॅझेटियरमध्ये नोंद आहे की अरबांची गलबतं अजून इथे थेट व्यापाराला येतात, पण मोठं जहाज जुन्या दगडी धक्क्याच्या तीन मैलांच्या आत येऊ शकत नाही. म्हणजे दीडशे वर्षांपूर्वीच गाळाने बंदर अर्धंअधिक गिळलं होतं. तेव्हा ना चौपदरीकरण होतं, ना जेसीबी. त्यामुळे 'गाळ हा आजकालच्या विकासाचा परिणाम' असं कुणी सरसकट म्हणालं तर मान डोलवण्याआधी थांबा. नदी मंद झाली की गाळ टाकणारच, हा तिचा धर्म. पण डोंगर उभा कापला, झाडं गेली, उकरलेली माती पऱ्याच्या तोंडाशी ढीग करून ठेवली, तर शंभर वर्षांचं काम चार पावसाळ्यांत होतं, हेही तितकंच खरं. हातखंबा ते निवळी पट्ट्यात रस्त्याच्या कडेला उघडी पडलेली लाल माती बघितली की ती पावसात कुठे जाते, हे सांगायला तज्ज्ञ लागत नाही.

२२ जुलै २०२१ ला चिपळूणमध्ये जे झालं ते आपल्यापैकी अनेकांनी मोबाइलवर पाहिलं, काहींनी घराच्या माडीवरून. वाशिष्ठीच्या खोऱ्यात प्रचंड पाऊस झाला. शिवाय कोयनेचं वीज तयार करून झालेलं पाणी कोळकेवाडीमार्गे ह्याच नदीत येतं. नदीच्या पात्रात वर्षानुवर्षांचा गाळ आणि बेटं होती. आणि पौर्णिमा दोन दिवसांवर, म्हणजे खाडीला उधाणाचे दिवस. त्या पाण्यात कुणाचा किती वाटा, ह्यावर वाद झाले, अजून होतात. त्याच वर्षी डिसेंबरात चिपळूणकर गाळ काढा म्हणून साखळी उपोषणाला बसले. पुढे शासनाच्या यंत्रणेने आणि नाम फाउंडेशनने वाशिष्ठीतला गाळ उपसायला घेतला. गाळ काढल्याने फरक पडतो, मॅनिंगच्या सूत्रात खोली वाढवून बघा, लगेच दिसेल. पण माझं प्रामाणिक मत विचाराल तर नुसता उपसा म्हणजे नळ चालू ठेवून लादी पुसण्यासारखं आहे. डोंगरातून माती यायची ती येतच असते, आणि वेग मंदावायचा तो त्याच सांध्यावर मंदावत असतो.

शेवटचा ब्रेक समुद्राचा. हा सगळ्यात मोठा, आणि ह्याचं वैशिष्ट्य असं की तो दर सव्वासहा तासांनी लागतो आणि सुटतो. भरती आली की खाडीचं पाणी चढतं. नदीला ओतायला जागा उरत नाही. नदी आणि समुद्र ह्यांच्या पातळीतला फरक कमी, म्हणजे पाण्याचा उतार कमी, म्हणजे वेग कमी. आणि हे फक्त तोंडाशी होत नाही. पुढे चक्का जाम झाला की मागची वाहनं जशी किलोमीटरभर थांबतात तसं पाणी मागे मागे तुंबत जातं. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणात हे जास्त, अष्टमीच्या आसपास, ज्याला कोळी 'भांग' म्हणतात, तेव्हा कमी. मुसळधार पाऊस आणि उधाणाची भरती एकाच वेळी गाठली तर चांदेराईचे दुकानदार हवामान खात्याचा इशारा यायच्या आधीच माल वरच्या फळीवर का चढवतात, ते कळेल.

खाऱ्या पाण्याचा आणखी एक खेळ आहे. गोड्या पाण्यात चिखलाचे कण एकमेकांना ढकलतात, म्हणून ते सुटे सुटे तरंगत राहतात. खारं पाणी मिसळलं की ते एकमेकांना चिकटतात, गुठळ्या होतात आणि खाली बसतात. खाडीतला तो पाय ओढून घेणारा काळा चिखल असा तयार होतो. भाट्याच्या मुखाशी तर तिहेरी मार. नदीचा वेग संपलेला, खारं पाणी मिसळलेलं, आणि वर समुद्राच्या लाटा बाहेरची वाळू आत ढकलतायत. राजीवड्याच्या मच्छीमारांना नौका आत-बाहेर काढायला भरतीची वेळ बघावी लागते ती त्या मुखाशी साचलेल्या गाळामुळे. घाटमाथ्यावरचा मातीचा कण शेवटी एखाद्या ट्रॉलरच्या तळाला घासतो.

आता ज्यांच्या कॉलेजात एनएसएस आहे त्यांनी हसून घ्या, कारण इतकं सगळं 'मंद पाणी वाईट' असं वाटेल असं लिहिल्यावर मी वनराई बंधाऱ्यांकडे येतोय. पाऊस संपला की रिकाम्या सिमेंटच्या गोण्यांमध्ये माती-वाळू भरायची, तोंडं शिवायची, आणि वहाळात एकावर एक रचून पाणी अडवायचं. श्रमदान, वडापाव, ग्रुप फोटो. हे करताना आपण नेमकं काय करतो? नदीला मुद्दाम ब्रेक लावतो. रत्नागिरीत वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो आणि मे महिन्यात वाड्यांवर टँकर येतात, कारण आपल्या नद्या आखूड आहेत. गोदावरी १,४६५ किलोमीटर फिरून समुद्राला मिळते. आपलं पाणी शंभर किलोमीटरच्या आत, एखाद्या दिवसात, समुद्रात. त्याला मुरायला वेळच मिळत नाही. ऑक्टोबर-नोव्हेंबरात, धार क्षीण झाली असताना, तिला दोन-तीन महिने रेंगाळायला लावलं तर आजूबाजूच्या विहिरींना पाणी टिकतं. जांभ्यातून पाणी लवकर पाझरून जातं, त्यामुळे प्रत्येक बंधारा सारखाच उपयोगी पडेल असं नाही. जागा बघून बांधावा लागतो. पण मुद्दा असा की नदीला कुठे आणि कधी थांबवायचं हा प्रश्न आहे. नोव्हेंबरात वहाळाच्या वरच्या अंगाला थांबवलेलं पाणी विहिरीत जातं. जुलैत पेठेपाशी थांबलेलं पाणी दुकानात जातं.

हे सगळं वाचून विश्वास ठेवू नका, मोजून बघा. पाऊस ओसरल्यावर, साधारण दिवाळीच्या सुट्टीत, गावच्या वहाळावरचा साकव गाठा. लागणार काय, तर पाणी पिऊन झालेलं शहाळं, मोजपट्टी आणि मोबाइलचं स्टॉपवॉच. शहाळंच का? रिकामी प्लास्टिकची बाटली पाण्यावर उंच तरंगते आणि तिला वारा ढकलतो, शिवाय ती परत मिळाली नाही तर नदीत कचरा. अर्धं पाणी भरलेलं शहाळं जवळजवळ बुडून चालतं, म्हणून ते पाण्याचाच वेग सांगतं. काठाने २० मीटर मोजून दोन खुणा करा. एकाने साकवावरून शहाळं सोडायचं, दुसऱ्याने काठावर उभं राहून वेळ घ्यायची. पाण्यात कुणी उतरायचं नाही. मधल्या धारेत एकदा, काठाजवळ एकदा, वळणाच्या आत एकदा, बाहेर एकदा. आलेल्या वेगाला ०.८५ ने गुणलंत की पृष्ठापासून तळापर्यंतचा सरासरी वेग ढोबळमानाने मिळतो, कारण तळाचं पाणी वरच्यापेक्षा सावकाश असतं. एकाच जागी, दहा फुटांच्या अंतरात, दुप्पट-तिप्पट फरक आला तर आश्चर्य वाटून घेऊ नका.

हे जमलं की रत्नागिरीला जाणारी एसटी पकडून भाट्याच्या पुलावर या. मात्र भरती-ओहोटीचं वेळापत्रक आधी बघून ठेवा, आणि ओहोटीच्या शेवटच्या तासात शहाळं सोडा. आधी ते समुद्राकडे निघेल, मग हळू होईल, मग काही मिनिटं जागच्या जागी डुलत राहील. तेवढ्यात चहा पिऊन या. परत येऊन बघाल तर ते पुलाखालून उलटं, चांदेराईच्या दिशेने निघालेलं असेल.